रोहिणी नक्षत्राची चौकशी

आईसाठी मोबाइलवरचं ज्योतिष शोधायला निघणाऱ्या माणसाने आधी आपल्याला भूगोल येत नाही असं चारचौघांत जाहीर करून टाकावं. पुढचा बराच मनस्ताप वाचतो. मी तसं केलं नाही. मी म्हैसूरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो, त्यामुळे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी ही मंडळी माझ्या हाताखाली काम करतात अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. ती समजूत गेली. तिच्याबरोबर आणखीही बरंच काही गेलं, ते ओघाने येईलच.

आमच्या चामराजपुरमच्या गल्लीत सकाळची कॉफी झाली की आई पंचांग घेऊन घरापुढच्या कट्ट्यावर बसते. ती ज्योतिषी नाही. कुणाच्या पत्रिकेत मंगळ कुठे बसलाय यात ती लक्ष घालत नाही. ती फक्त दिवस सांगते. नवी शेगडी आणायला आज जावं का, सुनेला माहेरी उद्या पाठवावं की परवा, दात आत्ताच काढावा की अमावास्या जाऊ द्यावी, असले प्रश्न घेऊन गल्लीतल्या बायका येतात. घरं बहुतेक कन्नड, त्यामुळे आमची सुमित्राबाई सगळ्यांची सुमित्राम्मा. "सुमित्राम्मा, आज कसा आहे?" असं विचारायचं, आईने पंचांगात बघून "दहानंतर जा, बरा आहे" म्हणायचं, आणि मग शेगडी, सून, दात सगळं बाजूला ठेवून तासभर गप्पा मारायच्या, असा हा कार्यक्रम असतो. बाबा गेल्यापासून आईचा दिवस या कट्ट्यावरच उजाडतो, आणि तो तिथे उजाडला की घरात आम्हालाही बरं वाटतं.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. आईला पंचांगातली बारीक अक्षरं दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, आता चष्मा वाढवून उपयोग नाही, मोठं अक्षर वाचा. आई म्हणाली, "डोळ्याला काय झालंय? हे छापणारे शाई वाचवतात कणो." 'कणो' म्हणजे इकडचं 'रे'. आणि दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्या दामोदररावांना त्यांच्या मुलाने टॅब्लेट पाठवला.

दामोदरराव म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते, आणि अजूनही ते स्कूटरवरून उतरतात ते घोड्यावरून उतरल्यासारखे. त्यांच्या टॅब्लेटवर ज्योतिषाचं सॉफ्टवेअर होतं आणि ते बोलायचं. बोट लावलं की तिथी, नक्षत्र, राहुकाळ, सगळं खणखणीत आवाजात बाहेर. दामोदरराव तो घेऊन फाटकात खुर्ची टाकून बसू लागले. पहिल्यांदा एक-दोघी गंमत म्हणून गेल्या. मग गल्लीच्या गल्ली रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आई मांडीवर पंचांग घेऊन समोर बघत बसायची, तिच्या शेजारी फक्त मांजर. आणि एका सकाळी ती कट्ट्यावर गेलीच नाही. कंबर धरली आहे म्हणाली. कंबर अगदी ठणठणीत होती, कारण त्याच दुपारी तिने माळ्यावरचं पिंप एकटीने उतरवलं. मला फार वाईट वाटलं.

"री, तुम्ही अत्तेंना असलं एखादं बोलणारं सॉफ्टवेअर आणून द्या ना," असं विशालाक्षी, म्हणजे माझी बायको, म्हणाली. आमच्याकडे सासूला अत्ते आणि नवऱ्याला 'अहो'च्या ऐवजी 'री' म्हणतात. 'अहो'त निदान दोन अक्षरांचा मान असतो, 'री' म्हणजे नुसता चिमटा. "दामोदररावांपेक्षा चांगलं आणा. तुम्ही शिकलेले आहात, अर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासाचं काम असं कुणी म्हटलं की मला हल्ली घाम फुटतो, पण त्या दिवशी फुटला नाही. मुलीचा जुना टॅब्लेट कपाटात पडला होता. ती बंगळुरूला शिकते आणि तिला आता त्याची लाज वाटते. मी 'ज्योतिष' असा शब्द घालून शोधलं, तर इतकी सॉफ्टवेअरं निघाली की ग्रह कमी पडावेत. प्रत्येकाच्या चित्रावर एक दाढीवाला आणि प्रत्येकाला साडेचार तारे. आधी आपण तपासावं, मग आईला द्यावं, अशा शास्त्रीय विचाराने मी पहिलं माझ्या फोनवर घेतलं. त्याने माझ्या फोटोंची, संपर्कांची आणि माइकची परवानगी मागितली. शनीला माझे संपर्क कशाला हवेत हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी सगळ्याला हो म्हटलं.

ते हिंदी निघालं. त्यात पत्रिका तिरप्या चौकटीची होती, महाराष्ट्रात काढतात तशी. आमच्याकडे म्हैसूरला पत्रिका म्हणजे सरळ चौकोन, कडेने बारा घरं. आईने ती तिरकी पत्रिका टॅब्लेट फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हा पतंग आहे. संक्रांतीला उडव." ते तिथेच संपलं असं मी समजलो. परंतु माझ्या फोनवरून ते काढायचं मी विसरलो होतो.

त्या शुक्रवारी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. उद्घाटन दहाला ठरलेलं. पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि फीत कापायला साडेदहा वाजले. आता शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो हे म्हैसुरात दुधवाल्यालाही पाठ आहे. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, पाहुण्यांना तर नक्कीच, कारण ते सारखे घड्याळ बघत होते. पण विज्ञान प्रदर्शनात बोलणार कोण? मुख्याध्यापिका सुमा मॅडमनी 'वैज्ञानिक दृष्टी' या विषयावर चार वाक्यं बोलून कात्री पाहुण्यांच्या हातात दिली, त्यांनी ती फितीला लावली, आणि माझ्या खिशातून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सावधान, राहुकाल आरंभ हो रहा है. कोई शुभ कार्य न करें."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती कशी दुभंगते हे मी आठवीला शिकवतो, पण वेळेला उपयोग होत नाही. पाहुण्यांनी कात्री खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी विसरणार नाही. "आता कानावर आलंच आहे," ते म्हणाले, "तर मॅडम, आधी कॉफी घेऊ या का?" दीड तास कॉफी चालली. मग उप्पिट्टू झालं, मग पुन्हा कॉफी. भाषणाला वेळ उरला नाही, म्हणून मुलं मला अजूनही दिसेल तिथे नमस्कार करतात. सुमा मॅडमनी मला खोलीत बोलावून शाळेच्या प्रतिष्ठेवर बरंच ऐकवलं आणि शेवटी आवाज उतरवून त्या सॉफ्टवेअरचं नाव विचारून घेतलं.

दुसरं सॉफ्टवेअर घेतलं त्यात 'पहिला संवाद मोफत' असं लिहिलेलं होतं. ते बंद करायला मी फुलीवर बोट ठेवलं, तर संवाद सुरू झाला. पलीकडून एक गुरुजी बोलू लागले. मी फोन ठेवला. त्यांनी केला. मग रोज करू लागले. एकदा मी आंघोळीला गेलो असताना तो विशालाक्षीने उचलला. गुरुजींनी सांगितलं की यजमानांच्या आयुष्यात परस्त्रीचा योग आहे, ग्रहशांत केली नाही तर ती बाई घरात येईल. विशालाक्षीने विचारलं, "स्वयंपाक येतो का तिला?" आणि लगेच पुढे म्हणाली, "नुसती येऊन बसणार असेल तर नको म्हणावं. बसणारा एक आहे." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. त्या स्त्रीचाही नाही.

तिसरं सुचवलं कांचनने. कांचन आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, मूळची पुण्याची, हेब्बाळच्या एका कंपनीत असते. मराठी बोलणारं कुणी मिळालं म्हणून तिने आमची जागा घेतली आणि पहिल्याच दिवशी आमचं मराठी ऐकून गोंधळली. "काका, हे घ्या," ती म्हणाली, "संपूर्ण मराठी आहे आणि उच्चार अगदी शुद्ध आहेत." होते खरे. आईने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं आहे, पण हे मला रागावतंय का?" शिवाय ते सूर्योदय चुकीचा सांगत होतं. माझ्यातला भूगोल मास्तर जागा झाला. मी रेखांश काढला, अक्षांश काढला, गणित केलं आणि सिद्ध केलं की ते पुण्याचा सूर्य म्हैसुरात उगवायला लावत आहे. कांचनने स्थळाच्या रकान्यात म्हैसूर घातलं आणि सूर्य जागेवर आला. तरीही या शोधाबद्दल मी दोन दिवस छाती काढून हिंडत होतो.

शेवटी एक सर्वगुणसंपन्न सापडलं. पत्रिका चौकोनी, अक्षर जेवढं म्हणाल तेवढं मोठं, आवाज कन्नडमध्ये आणि मराठीतही, जाहिरात नाही, गुरुजी नाहीत. मी आईला म्हटलं, "उद्या कट्ट्यावर बसायचं. कंबर बरी झाली असं समज." आईने टॅब्लेटला हळद-कुंकू लावलं. ते चार्जिंगच्या भोकात गेलं, ते मी काडीने काढलं. सकाळी आई नवी साडी नेसून कट्ट्यावर बसली. काय चाललंय बघायला पलीकडच्या बायका अलीकडे आल्या. फाटकातली खुर्ची ओस पडली तेव्हा दामोदररावही आले, टॅब्लेट काखेत मारून.

"मेष्ट्रे, नवं घोडं आणलं म्हणे," ते मला म्हणाले. मास्तरला इकडे मेष्ट्रे म्हणतात. "दात बघितले का त्याचे?"

"आधी बघते," आई म्हणाली. "गावाचं सांगण्याआधी माझं खरं सांगू दे. माझं नक्षत्र रोहिणी. तलकाडला झाले मी, कार्तिकातल्या सोमवारी, पहाटे कोंबडा आरवायच्या आधी. घाल."

आईची पत्रिका कावेरीच्या एका पुरात गेली, पण जन्मतारीख तिच्या वडिलांनी कॅलेंडरात बघून सांगून ठेवली होती. मी ती घातली, सोमवारच होता. पहाटेची वेळ घातली, तलकाड घातलं. टॅब्लेट म्हणाला, "जन्मनक्षत्र कृत्तिका."

"परत विचार," आई म्हणाली. मी परत विचारलं. कृत्तिका. मी घाईघाईने कांचनचं शुद्ध मराठी उघडलं. त्यानेही कृत्तिकाच म्हटलं, फक्त उच्चार जास्त चांगला होता. दामोदररावांनी मदतीच्या भावनेने आपला टॅब्लेट पुढे केला आणि त्याने तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं कृत्तिका म्हटलं.

"अय्यो, सुमित्राम्मा," दामोदरराव हसत म्हणाले, "तुमचं स्वतःचंच नक्षत्र चुकलंय की. इतकी वर्षं तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी नक्षत्रावर राहताय." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण सगळ्या बायका हसल्या, आणि आई हसली नाही. तिने टॅब्लेट माझ्या हातात दिला आणि आत गेली. मीच आणलेल्या यंत्राने माझ्या आईला तिच्याच कट्ट्यावरून उठवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे मी आईचा हात धरून दाखवला.

आता यात एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण इकडे देवळात अर्चना करायची तर भटजी नाव, नक्षत्र, रास विचारतात आणि ती देवाला ऐकवतात. आई दर सोमवारी जाते आणि भटजींना तिचं पाठ आहे. त्या सोमवारी मी तिला सोडायला गेलो होतो. भटजींनी तांब्या उचलला आणि "रोहिणी नक्षत्रे" असं सुरू केलं, तर आईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"नक्षत्र सध्या नको," ती म्हणाली. "चौकशी चालू आहे."

"नक्षत्राशिवाय कशी करू, अम्मा?"

"मग राहू दे." आणि फूल न घेता ती मागे फिरली. रिक्षात ती मला म्हणाली, "लहानपणापासून अर्चना केल्या. तुझ्या परीक्षेच्या, बाबांच्या आजारपणाच्या. सगळ्या रोहिणीच्या पत्त्यावर गेल्या. मी कृत्तिका असेन तर मग पोचल्या कुणाला?" शास्त्रात याला काही अर्थ नाही असं मी तोंडापर्यंत आणलं होतं, पण तिच्याकडे बघून ते गिळलं. तिचा चेहरा पत्ता हरवलेल्या माणसासारखा झाला होता.

मग मी इरेला पेटलो. आईची रोहिणी परत मिळवायची, मग त्यासाठी चंद्र हलवावा लागला तरी बेहत्तर. सॉफ्टवेअरच्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मुलीने तक्रार नोंदवली आणि जन्मतारखेचा सरकारी पुरावा मागितला. आईच्या सरकारी ओळखपत्रावर तिचा जन्म एक जानेवारीचा आहे. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या एक जानेवारीला जन्मल्या आहेत, त्या काळी ती प्रथाच असावी. मी सांगितलं की ही तारीख खरी नाही. ती म्हणाली, "सर, पुराव्यात आहे तीच खरी. ती घातली की तुमची तक्रार मिटेल." ती घातली तर आई अश्लेषा झाली. त्यांच्या बाजूने तक्रार मिटली, तसा त्यांचा संदेशही आला.

गल्लीने सल्ले दिले. कांचन म्हणाली, "काका, अयनांश बदलून बघा, सेटिंगमध्ये आहे." अयनांश म्हणजे आकाश कुठून मोजायला सुरुवात करायची ते, आणि त्यावर ज्योतिष्यांचं एकमत नाही. मी एकेक बदलत गेलो. एकात आई मृग झाली. एकात आईला रोहिणी मिळाली, पण विशालाक्षी राक्षसगणी झाली. मी तेवढ्यावर समाधान मानायला तयार होतो, ती नव्हती. कोपऱ्यावरच्या बाईंनी टॅब्लेट उत्तरेकडे तोंड करून ठेवायला सांगितलं. दामोदरराव रोज संध्याकाळी येऊन नवीन शंका देऊन जायचे आणि आपल्या टॅब्लेटच्या सल्ल्यानुसार आमच्याकडची कॉफी नाकारायचे. त्यांना त्याने कॉफी वर्ज्य सांगितली होती आणि बुधवारी हिरवा शर्ट. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

या सगळ्यात आईने टॅब्लेटकडे पाहिलंसुद्धा नाही. ती स्वयंपाकघरात बसायची आणि नको तितकी कामं करायची. मला तिचा कट्टा रिकामा बघवेना, म्हणून मी घराच्या मागच्या दाराने शाळेत जाऊ लागलो.

त्या रविवारी दुपारी ती अवरेकाळू सोलत बसली होती. थंडी पडली की म्हैसुरात घरोघरी हे पावट्यासारखे दाणे सोलायला बसतात. मी शेजारी सहामाहीचे पेपर तपासत होतो आणि एका उत्तरावर तांबडी रेघ ओढून स्वतःशीच चुकचुकलो.

"काय लिहिलंय पोराने?" आईने विचारलं. मला इतकं बरं वाटलं की मी नीट समजावून सांगितलं. दिवस कुठे बदलतो असा प्रश्न होता. बरोबर उत्तर पॅसिफिक महासागरात, आंतरराष्ट्रीय वाररेषेवर. पोराने लिहिलं होतं, अंथरुणात.

"त्याचं बरोबर आहे," आई म्हणाली. "उठलं की दिवस बदलतो. पाण्यात कुणाचा बदलतो?"

"तसं नाही आई. एरवी आपला दिवस रात्री बारा वाजता बदलतो."

"रात्री बारा वाजता?" तिने शेंग खाली ठेवली. "अंधारात?"

"हो. तारीख, वार, सगळं बाराला बदलतं."

"आणि सूर्य?"

"सूर्याचा त्यात काही संबंध नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या शिक्षणासाठी बाबांनी काय काय केलं ते तिला आठवत असावं. "दिवसाचा आणि सूर्याचा संबंध नाही," ती सावकाश म्हणाली, "असं तू मुलांना शिकवतोस. रात्री बाराला दिवस कोण सुरू करतं रे, चोर? आमचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो आणि पुन्हा उगवेपर्यंत तोच असतो. माझ्या आईला कार्तिक सोमवारचा उपास. दिवसभर कावेरीकाठची वाळू तुडवत तलकाडची देवळं केली, रात्री पोटात दुखायला लागलं आणि मी झाले. सूर्य कुठं उगवला होता अजून? सोमवारच तो."

मी तांबडा पेन खाली ठेवला. आईच्या वडिलांचा सोमवार मंगळवारच्या सूर्यापर्यंत चालला होता. यंत्राचा सोमवार मध्यरात्रीच संपला होता. मी सोमवार आणि पहाट असं घातलं, म्हणजे यंत्राने रविवारची रात्र संपता संपताची पहाट धरली. आई त्यानंतर अख्खा एक दिवस उलटल्यावर जन्मली. आणि चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र चालतो हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. दामोदररावांच्या यंत्राचं चुकलं नव्हतं, आजोबांचंही चुकलं नव्हतं. चुकला होता तो भूगोलाचा मास्तर, वाररेषेचे पेपर तपासणारा.

मी टॅब्लेट आणला. तारीख एकाने पुढे केली, मंगळवार, पहाट, तलकाड. अक्षर मोठं करत करत इतकं मोठं केलं की पडद्यावर तो एकच शब्द मावला, आणि तो आईपुढे धरला. तिने तो अंतरावर धरून, मान तिरकी करून वाचला. मग पदराने डोळे पुसले, पुन्हा वाचला आणि सोललेले दाणे सांडत उठली. "रिक्षा बोलाव," ती म्हणाली. "देऊळ चारला उघडतं."

भटजींना तिने गाभाऱ्याच्या दारातूनच सांगितलं, "रोहिणी. पक्की." त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि शांतपणे म्हणाले, "हे मला ठाऊक होतं, अम्मा. पंचांगाचा दिवस सूर्योदयालाच लागतो. पण तुम्ही मला कुठं विचारलंत? मेष्ट्रांनी यंत्राला विचारलं." मी घंटा वाजवण्यात लक्ष घातलं.

दुसऱ्या दिवशी आई कट्ट्यावर बसली ती हुकूम सोडायच्या आवाजात. दामोदररावांना तिने समोरून हाक मारून बोलावलं. "दामोदरराव, तुम्ही कधी झालात?"

"शनिवारी रात्री."

"सूर्य उगवला होता का?"

"रात्री कसा उगवेल, सुमित्राम्मा?"

"रात्री म्हणजे किती रात्री? जेवणानंतर की कोंबड्याआधी?"

घोडदळाचा वंशज प्रथमच गडबडला. त्यांनी नंजनगूडला थोरल्या बहिणीला फोन लावला. तिने सांगितलं की मी दूध काढायला उठले तेव्हा तू रडत होतास, अगदी उजाडता उजाडता. आईने मला खूण केली, मी त्यांच्या टॅब्लेटवर तारीख पुढे सरकवली आणि वेळ पहाटेची घातली. दामोदररावांचं नक्षत्र बदललं, रास बदलली, स्वभाव बदलला. कॉफी वर्ज्य नव्हती. इतके दिवस ते भलत्याच कुणा माणसाचं पथ्य पाळत होते. घरात येऊन उभ्या उभ्या दोन टंबलर कॉफी प्यायले, आणि मग विशालाक्षीला म्हणाले, "अजून आहे का?"

ही बातमी गल्लीत पसरायला यंत्र लागलं नाही. रात्री जन्मलेली माणसं जगात किती असतात याची मला कल्पनाच नव्हती. सगळ्यांच्या घरी टॅब्लेट, सगळ्यांच्या फोनवर दाढीवाले, पण त्यांना काय सांगायचं ते ठरवून घ्यायला सगळे आईकडे. आता कट्ट्यावर दोन बैठका असतात. दामोदरराव आपली खुर्ची घेऊन रस्ता ओलांडून येतात आणि बोटं चालवतात. आई शेजारी बसून उलटतपासणी घेते. दिवा लावला होता का? दूधवाला आला होता का? कोंबडा एकदा आरवला की दोनदा? बायका माहेरी फोन लावतात, आज्या आठवून सांगतात, त्यातून जुनी भांडणं निघतात, काही मिटतात. सुमा मॅडमसुद्धा शाळेला जाताना थांबल्या. कांचन इस्पितळात जन्मली, तिच्याकडे मिनिटासकट दाखला आहे, त्यामुळे आईला तिच्याबद्दल जरा कमीच कौतुक वाटतं.

इतकी माणसं सुधारताना बघून मलाही धीर आला. माझ्याबद्दल ते सॉफ्टवेअर काय म्हणतं हे मी कुणाला दाखवलं नव्हतं. 'जातकास उपदेशाची हौस असते. सोपे काम अवघड करण्यात निष्णात. शांत चित्ताने चुकीचा निर्णय घेतो. पत्नी हुशार.' मला वाटलं, यातही नक्कीच एका दिवसाची गफलत असणार. एक तारीख पुढे सरकवली की कोण जाणे, आत एखादा धोरणी, करारी पुरुष बसलेला सापडेल. काल सकाळी मी मुकाट्याने रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर पुढे झालो, दामोदररावांनी बोटं सरसावली.

"आई," मी म्हटलं, "माझ्या वेळेला सूर्य उगवला होता का?"

आईने मान वर केली. कधी नव्हे इतकी खूश दिसत होती ती, डोळे मिचमिचे करून माझ्याकडे बघत होती.

"तुझ्या वेळेला?" ती म्हणाली. "भर दुपारी झालास तू. सूर्य डोक्यावर होता, सगळं म्हैसूर जागं होतं. तुझ्यात काही चूक नाही कणो, तू आहेस तोच आहेस. सरक बाजूला, मागे माणसं उभी आहेत. हां, पुढे कोण?"